किती फुटावर

जत, ग्रामीण रुग्णालय, वैशाखातली दुपार.
पंखा फिरतोय, हवा हलत नाही.
निंगव्वानं पोरगी टेबलावर ठेवली
वाळलेलं फडकं ठेवावं तशी, आवाज न करता.
चौदा महिन्यांची. नाव मायव्वा.
कालपासून बारा जुलाब,
हा आकडा आजोबांनी बोटांच्या पेरांवर आणलाय.
पेरं संपली तिथं मोजणं थांबलं.

पोटाची कातडी चिमटीत धरून मी सोडते.
ती परत जायला वेळ घेते.
किती, ते पाहणाऱ्यावर असतं:
मुजावर सिस्टर म्हणाल्या दोन सेकंद, मला एकच वाटला.
टाळू बसलेली.
रडते, तोंड पूर्ण उघडून रडते,
पण डोळ्यांच्या कडा कोरड्या.
लघवी कधी केली?
निंगव्वा कानडीत काहीतरी बोलते,
आजोबा ते मराठीत आणतात: "रानात होती ती. कुणी बघितलं."

मग मी कोपऱ्यातलं मशीन ओढलं.

निंगव्वा उठली. पोर छातीशी.
दारापर्यंत गेलीसुद्धा.
भिंतीवर पाटी आहे,
इथं काय सांगितलं जात नाही ते लिहिलेली.
पाटी तिला वाचता येत नाही. मशीन येतं.
कधीतरी, कुठल्यातरी खोलीत, रात्री,
अशाच काचेतून कुणीतरी तिच्या आत डोकावलं असणार
आणि बाहेर जाऊन नवऱ्याशी बोललं असणार, तिच्याशी नाही.
तिनं हे सांगितलं नाही.
मायव्वाच्या आधी किती, मी विचारलं नाही.

"पाणी बघायचंय," म्हणाले. "नीरु."
कानडीतला तेवढा एक शब्द मला येतो.

बिराप्पा आजोबा पुढं सरकले.
पन्नास वर्षांचा पाणाड्या.
तळहातावर नारळ आडवा ठेवून माळ तुडवायचा,
नारळ उभा राहिला की तिथं बोअर.
माझ्या हातातल्या प्रोबकडे त्यांनी
दुसऱ्याच्या नारळाकडे बघावं तसं बघितलं.

जेल गार. मायव्वा दचकली.
छातीच्या हाडाखाली, आडवा प्रोब:
काळ्या-करड्या रानात आधी मणका,
त्याच्यापुढं दोन तोंडं, शेजारी शेजारी.
एक गोल, ठोके देणारी, रोहिणी.
दुसरी नीला. तिनंही जवळजवळ तेवढंच गोल असायचं.
ती पडलेली,
टँकर निघून गेल्यावर रस्त्यात राहिलेल्या
होसासारखी चपटी,
श्वासागणिक पूर्ण मिटणारी.
पोर वळवळतेय, आकडे हलतात. मी तीनदा मोजलं.
अर्ध्याच्या आसपास. एकदा थोडं जास्त.

"किती फुटावर?" बिराप्पा.
"खोल गेलंय."
"खरं निघतं का तुमचं?"
"दहातलं आठ. तुमचं?"
ते हसले नाहीत.
"लोक म्हणतात सात. मी कोरडी भोकं मोजत नाही."

मला मोजावी लागतात.

चौथ्या टोचणीला शीर सापडली, घोट्याजवळ.
बाटली ठिबकू लागली तशी निंगव्वा
प्रत्येक थेंबाला मान हलवत राहिली,
जणू हिशेब तिच्याकडे आहे.

सव्वातीनला पुन्हा प्रोब टेकवला.
ती चपटी रेघ आता
भुईमुगाच्या शेंगेएवढी, आत दाणा धरलेली.
निंगव्वानं काचेला बोट लावलं.
नीरु?
नीरु.

पाच वाजता तिच्या लुगड्यावर ऊन ऊन डाग पसरला,
आणि ती कुणावर तरी खेकसावं तशी हसली.

संध्याकाळी रजिस्टर.
तपासणीचे कारण: पाणी.
"असं लिहितात का मॅडम?" क्लार्क म्हणाला.
लिहिलं.
वय: चौदा महिने.
मग लिंगाचा रकाना आला
आणि पेन थांबलं, सवयीनं, खोलीत दुसरं कोण आहे ते बघत.
मग लिहिलं. मोठ्या अक्षरात.
स्त्री.